काले मियाँचा घूंघट

इस्मत चुगताईंचे नाव निघाले की आपल्याकडे बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक त्यांची ‘लिहाफ’ ही कथा आणि दुसरा त्या कथेवरून लाहोरच्या कोर्टात चाललेला खटला. ज्यांनी ‘लिहाफ’ वाचलेली नाही तेही तिच्याविषयी तावातावाने बोलतात. या गोंगाटात इस्मत आपांचे कितीतरी चांगले अफसाने मागे पडले. ‘घूंघट’ हा त्यांपैकीच एक. अगदी थोड्या पानांची कथा. पण गेली काही वर्षे मी ती पुन्हा पुन्हा वाचते आहे आणि दरवेळी ती मला वेगळ्या ठिकाणी टोचते.

या कथेबद्दल बोलताना मला दोन तऱ्हेचे वाचक भेटले. मराठी साहित्याच्या एका बैठकीत मी ती थोडक्यात सांगितली, तेव्हा एक गृहस्थ समाधानाने म्हणाले, “म्हणजे बुरख्याने तुमच्या बायकांच्या आयुष्याची कशी माती केली याची गोष्ट!” नंतर आमच्या शाळेतल्या शिक्षिकांच्या खोलीत हीच कथा मूळ उर्दूतून वाचली, तर एक सहकारी चिडून म्हणाल्या, “आपलीच बाई आपल्याच घरची लक्तरे वेशीवर टांगते.” एकाला कथेत आमची पिछेहाट दिसली, दुसरीला आमची बदनामी दिसली. काले मियाँ नावाचा जो माणूस कथेच्या केंद्रस्थानी आहे त्याच्याबद्दल दोघांनीही अवाक्षर काढले नाही. मला वाटते, या कथेची खरी दुखरी जागा तिथेच आहे.

कथा अशी. सुरुवातीला आपल्याला म्हातारी गोरी बी दिसते. पांढरी चादर अंथरलेला तख्त, त्यावर पांढऱ्या कपड्यांतली, पांढऱ्या केसांची ही बाई. लग्न होऊनही ती आयुष्यभर कुंवारी राहिलेली आहे. तरुणपणी ती नावाप्रमाणेच गोरी होती, आणि जिच्याकडे बघत राहावे अशी देखणी. तिचा निकाह ज्याच्याशी झाला तो काले मियाँ तितकाच काळा. लग्न ठरल्यापासून त्याच्या रंगावरून थट्टा सुरू होते. चंद्राला ग्रहण लागणार, हात लावलास तर ती मळेल, असली ती थट्टा. थट्टा करणाऱ्यांच्या दृष्टीने तो लग्नघरातला हसण्याखिदळण्याचा भाग. पण ती त्याच्या आत जाऊन बसते. पहिल्या रात्री तो नवरीला म्हणतो, घूंघट उचल. ती उचलत नाही. कशी उचलणार? नवरीने स्वतःच्या हाताने घूंघट उचलणे म्हणजे बेशरमपणा, हे तिला लहानपणापासून शिकवलेले. तो मान नवऱ्याचा. ती आणखी अंग चोरून बसते. काले मियाँ पुन्हा सांगतो, आणि मग ती उचलत नाही असे पाहून घर सोडून निघून जातो. पुढे काही वर्षांनी परत येतो. पुन्हा तीच खोली, तेच वाक्य, तीच गप्प बसलेली बाई. तो पुन्हा जातो. शेवटी तो येतो तो मरायलाच. तेव्हा दोघेही म्हातारे. तो पुन्हा तेच मागतो. गोरी बीचे थरथरते हात या वेळी घूंघटापर्यंत जातात. पण तोवर बघणारे डोळे थिजलेले असतात. ती गुपचूप बांगड्या फोडते आणि घूंघटाच्या जागी रंडापाची पांढरी ओढणी ओढून घेते.

आता प्रश्न असा, की काले मियाँने त्या घूंघटात काय पाहिले? चेहरा तर पाहिलाच नाही. पाहिला तो घमंड. ‘ही आपल्या रूपाच्या तोऱ्यात आहे, मला तुच्छ लेखते आहे’ हे त्याने त्या कापडावरून वाचले. वास्तविक गोरी बी त्याला तुच्छ लेखते याचा एकही पुरावा कथेत नाही. ती त्याच्या रंगाबद्दल एक शब्द बोललेली नाही. त्याला तुच्छ लेखणारे एकच माणूस त्या खोलीत होते, आणि ते म्हणजे तो स्वतः. स्वतःबद्दलची जी लाज त्याला स्वतःजवळ ठेवणे असह्य झाले ती त्याने उचलून समोरच्या बाईच्या पदरात टाकली, आणि मग तिलाच त्याबद्दल जन्मभराची शिक्षा दिली.

बी.एड.च्या मानसशास्त्राच्या पेपरात आम्ही याला ‘प्रक्षेपण’ म्हणून पाठ केले होते. ‘संरक्षण यंत्रणा’ या धड्यात समर्थन, दमन, प्रतिगमन अशा यादीत ते यायचे. उदाहरण ठरलेले : कॉपी करणाऱ्या विद्यार्थ्याला सगळा वर्गच कॉपी करतो असे वाटते. परीक्षेत पाच गुणांना हे पुरायचे. घरात आपण वापरतो तो ‘बदगुमानी’ हा शब्द त्याच्या जवळपास जातो, पण पूर्ण पोहोचत नाही. कारण बदगुमानीत आपण दुसऱ्याबद्दल वाईट समजून घेतो एवढेच येते, ते वाईट आले कुठून हे येत नाही. फ्रॉइडने 1922 च्या एका लेखात मत्सराचे थर सांगितले आहेत. त्यांपैकी एक असा, की ज्याचे स्वतःचे मन बाहेर धावते तो आपल्या जोडीदारावर बाहेरख्यालीचा संशय घेतो. तिथे वासना दुसऱ्यावर टाकली जाते. काले मियाँच्या बाबतीत लाज टाकली गेली आहे. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या घरांतून वासनेपेक्षा लाजच अधिक टाकली जाते. शिक्षण कमी असल्याची, पगार बायकोपेक्षा कमी असल्याची, माहेर गरीब असल्याची, रंगाची, भाषेची लाज.

त्याच पाठ्यपुस्तकात पुढे कुठेतरी ‘प्रक्षेपण तंत्रे’ असा दुसरा धडा होता. हर्मन रोर्शाखची शाईच्या डागांची दहा कार्डे त्यात होती. 1921 मध्ये त्याने ही चाचणी प्रसिद्ध केली. डागांना स्वतःचा काही अर्थ नसतो; म्हणूनच पाहणारा त्यात आपले मन ओततो. पुढे आलेल्या टी.ए.टी. या चाचणीत चित्रे दाखवून गोष्ट सांगायला लावतात, आणि त्यांतले एक कार्ड तर चक्क कोरे पांढरे असते. समोर काहीच नाही, आता सांग गोष्ट! मला ‘घूंघट’ वाचताना नेहमी हे कोरे कार्ड आठवते. इस्मत आपांनी गोरी बीला पांढऱ्यात का बसवले, याचे कारण त्यांच्या मनात कदाचित वेगळे असेल, पण परिणाम हाच होतो. चित्र जितके अस्पष्ट तितके पाहणाऱ्याचे मन जास्त उमटते. नवरीचे मौन आणि तिच्या तोंडावरचे कापड, या दोघांनी मिळून काले मियाँला एक कोरा पृष्ठभाग दिला. इथे घूंघटाचा दोष आहेच, नाही असे मी म्हणत नाही. ज्या घरात मुलीला बोलूच दिले जात नाही त्या घरात तिच्याबद्दल काहीही समजून घ्यायची सर्वांना मोकळीक मिळते. पण कापड उचलले की प्रश्न सुटला, असे समजणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते, की तोंड उघडे असलेल्या बायकांच्या संसारात हे घडत नाही का?

मराठीत आपण ‘चोराच्या उलट्या बोंबा’ म्हणतो. पुष्कळांना प्रक्षेपण म्हणजे हेच वाटते. इथे जरा थांबले पाहिजे. सूरए यूसुफमध्ये अजीजची पत्नी (कुरआनात तिचे नाव नाही, जुलेखा हे नाव नंतरच्या परंपरेतून आले) यूसुफ अलैहिस्सलामांच्या मागे दरवाजापर्यंत धावते, आणि नवरा समोर दिसताच स्वतःचा गुन्हा यूसुफवर ढकलते. या झाल्या उलट्या बोंबा. पण तिला ठाऊक आहे की आपण खोटे बोलतो आहोत. चोराला आपली चोरी माहीत असते. काले मियाँला मात्र आपण काही लपवतो आहोत हे माहीतच नाही. त्याला खरोखरच घमंड दिसतो आहे. म्हणून खोटे बोलणाऱ्यापेक्षा तो समजायला अवघड आणि सुधारायलाही अवघड. खोटे बोलणाऱ्याला पुरावा दाखवता येतो. याला तुम्ही पुरावा दाखवा, तो त्यातही घमंडच पाहील. ती रडली असती तर म्हणाला असता, नाटक करते. बोलली असती तर म्हणाला असता, बघा, तोंड किती वर आहे!

मौलाना रूमींनी हा फरक फार पूर्वी ओळखला होता. सिंह आणि सशाची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. ससा सिंहाला विहिरीशी नेतो, सिंह पाण्यात दुसरा सिंह पाहतो आणि उडी मारतो. पंचतंत्रातली ही गोष्ट ‘कलीला व दिम्ना’च्या वाटेने आठव्या शतकात अरबीत गेली आणि पुढे मसनवीच्या पहिल्या दफ्तरात आली. पंचतंत्रात तिचे तात्पर्य आहे, बुद्धी बळापेक्षा श्रेष्ठ. म्हणजे गोष्ट सशाची. रूमी ती सिंहाची करतात. विहिरीत दिसला तो शत्रू नव्हता, ती तुझीच सूरत होती. लोकांत दिसणारे कितीतरी ऐब असे तुझेच असतात, असे ते सिंहाला आणि आपल्याला ऐकवतात. आणि लगेच मोमिन हा मोमिनचा आरसा आहे या हदीसकडे वळतात. एकच गोष्ट, पण डोळा कोणावर ठेवला यावर तिचा अर्थ बदलतो. ‘घूंघट’चेही तसेच आहे. गोरी बीवर डोळा ठेवला तर ती परंपरेत भरडलेल्या बाईची कथा होते. आणि तशी ती आहेही. काले मियाँवर ठेवला तर ती विहिरीत उडी मारणाऱ्या सिंहाची कथा होते.

(गंमत अशी, की आपल्या अनेक घरांत निकाहानंतर ‘आरसी-मुसहफ’ची रस्म असते. दोघांच्या मध्ये आरसा आणि कुरआन शरीफ ठेवतात आणि दुल्हा दुल्हनचा चेहरा प्रथम आरशात पाहतो. त्याच आरशात त्याला स्वतःचाही चेहरा दिसतो याकडे गाणी म्हणणाऱ्या बायकांचे लक्ष नसते.)

मग यातून सुटका कशी? कथेत सुटका नाही, पण सुटकेची जागा दिसते. आणि ती समजायला मला सूरए यूसुफचा उपयोग झाला. तिथे निवाडा कसा होतो ते पाहा. घरातलाच, तिच्याच नात्यातला एक साक्षीदार म्हणतो : सदरा समोरून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर तो खरा. सदरा पाहिला जातो. मागून फाटलेला निघतो. दोघांपैकी कोण आपल्या मर्जीतले, कोण धनी आणि कोण गुलाम, हे कोणी पाहत नाही, सदरा पाहतात. आणि साक्षीदार आरोप करणारीच्या घरचा आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. काले मियाँच्या घरात असा एकही साक्षीदार निघाला नाही. ‘अरे, तू काय मागितलेस आणि तिने काय नाकारले ते जरा नीट बघ, तिने तुला नाकारलेले नाही, तिने बेशरमपणा नाकारला आहे’ एवढे सांगणारी एक आई, एक भावजय, एक दोस्त पुरला असता. उलट सगळे घर गोरी बीलाच समजावत बसते. सूरए हुजुरातच्या बाराव्या आयतीत गुमान टाळायला सांगितले आहे; ती आयत आपण दुसऱ्याची टोपी उडवताना ऐकवतो, स्वतःच्या घरातल्या पुरुषाला क्वचितच.

इथे राजिंदरसिंह बेदींच्या ‘लाजवंती’ची आठवण होते. दोघेही 1915 साली जन्मलेले, दोघांचीही पुढची आयुष्ये मुंबईत गेली. फाळणीत पळवून नेलेल्या बायकांना घरात परत घ्या म्हणून सुंदरलाल प्रभातफेऱ्या काढतो. त्याची स्वतःची बायको लाजो पळवली गेलेली आहे आणि पूर्वी तो तिला मारत असे. ती परत येते. तो तिला ‘देवी’ म्हणू लागतो. आता तो मारत नाही, रागावत नाही. वरवर पाहता काले मियाँच्या अगदी उलट वागणे. पण मला दोघे सख्खे भाऊ वाटतात. त्या दुसऱ्या माणसाने मारले का, असे तो विचारतो. नाही, असे ती सांगते. पुढे तिला बरेच सांगायचे असते, पण तो ‘जाऊ दे, झाले गेले’ म्हणून विषय मिटवतो. तिच्यात त्याला आता देवी दिसते, कारण बाई पाहिली तर तिला मारणारा आपला हात दिसेल. काले मियाँने आपली लाज बायकोवर टाकून तिला घमंडी केले. सुंदरलालने आपला अपराध झाकण्यासाठी बायकोला मखरात बसवले. दोन्ही घरांत बाईचे ऐकलेच गेले नाही. आणि बेदी इस्मत आपांच्या एक पाऊल पुढे जातात असे मला प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. लाजोला काय वाटते ते आपल्याला कळते. तिला जुनी भांडकुदळ लाजोच व्हायचे होते. ती वसली आणि उजाडली, हे बेदी तिच्या बाजूने दाखवतात. गोरी बीच्या आत मात्र इस्मत आपा आपल्याला जवळजवळ येऊच देत नाहीत. ‘चौथी का जोड़ा’ लिहिणाऱ्या लेखिकेला ते जमत नव्हते असे कोण म्हणेल? पण या कथेत तरी गोरी बी वाचकालाही कोरे कार्डच राहते, आणि म्हणून आपणही त्यावर आपापले काही उमटवून मोकळे होतो. मघाचे गृहस्थ आणि माझ्या सहकारी यांनी तेच केले.

मराठीत हे सामूहिक पातळीवर पाहायचे असेल तर तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आहे. वकिली न चाललेला सुखात्मे, परीक्षेत अडकलेला पोंक्षे, मूल नसलेले काशीकर दांपत्य, अशी ही मंडळी आपली सगळी अपुरी आयुष्ये बेणारेबाईंच्या अंगावर फेकतात आणि त्याला खटला म्हणतात. बेणारे शिक्षिका आहे हे मला वाचताना विसरता येत नाही. त्या नाटकावर इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही.

आता थोडे स्वतःबद्दल, कारण ते टाळून हा लेख पुरा होणार नाही. मी उर्दू माध्यमात शिकले, उर्दू माध्यमातच शिकवते. मराठीत लिहू लागले ते उशिरा. वर सांगितलेल्या बैठकीत मी वाचत होते तेव्हा पहिल्या रांगेतल्या एक बाई अधूनमधून हसत आणि वहीत काही टिपत होत्या. माझ्या मनाने ठरवून टाकले : या माझा ‘ळ’ आणि ‘ण’ मोजत आहेत. मी वाचन आवरते घेतले, चहाला थांबले नाही. पुढे महिन्याभराने त्या बाईंचे पत्र आले. माझ्या बोलण्यातली काही उर्दू अक्षरे आणि म्हणी त्यांनी लिहून घेतल्या होत्या आणि अर्थ विचारला होता. माझ्या उच्चारांची लाज मलाच होती. मी ती पहिल्या रांगेत नेऊन बसवली. महिनाभर मी काले मियाँ होते.

पण हेही लिहिले पाहिजे, की त्याच बैठकीत ‘तुमच्या बायका’ म्हणणारे गृहस्थही होते. ते माझ्या मनाचे खेळ नव्हते. भाड्याने घर शोधताना नाव ऐकताच दरवाजा मिटतो तेव्हा ते प्रक्षेपण नसते, आणि ‘तुम्हाला उगीच वाटते’ असे आम्हाला सांगणारे पुष्कळ शहाणे आहेत. म्हणून मला सदऱ्याची कसोटी आवडते. ती ‘सगळ्यांबद्दल चांगलेच समज’ असे सांगत नाही, फाटले कुठून ते पाहायला लावते. बाईंच्या बाबतीत मी सदरा पाहिलाच नव्हता. त्या गृहस्थांचा पाहिला होता. आणि या दोन माणसांची गाठोडी मी एकत्र बांधली, ही माझी चूक. संसारातही असेच होते. नवरा खरोखर अपमान करतो तेव्हाही ‘तूच काहीतरी मनात धरतेस’ हे बाईला ऐकावे लागते, आणि आता तर शिकलेले नवरे त्यासाठी मानसशास्त्रातले शब्दही वापरू लागले आहेत.

इस्मत आपांनी बी.ए.नंतर अध्यापनाची पदवी घेतली होती, शाळा चालवल्या होत्या, मुंबईत शाळा तपासनीस म्हणून काम केले होते. वर्गात उत्तर न देणारी मुलगी त्यांनी खूप पाहिली असणार. उत्तर न देणाऱ्या मुलीला शिक्षक काय म्हणतो? गर्विष्ठ, नाहीतर ढ. तिला विचारायचे राहूनच जाते. काले मियाँची परीक्षा अशीच होती. प्रश्न एक, बरोबर उत्तर एक, आणि ते उत्तर देणे त्या मुलीला तिच्या सगळ्या शिकवणुकीने मना केलेले. त्याने तीनदा तोच प्रश्न विचारला. ‘तू का उचलत नाहीस?’ हा दुसरा प्रश्न एकदाही विचारला नाही.

शिक्षिकांच्या खोलीत चिडलेल्या त्या सहकारी वयाने माझ्याहून मोठ्या आहेत. आम्ही त्यांना आपाच म्हणतो. काही दिवसांनी मोकळ्या तासाला त्यांनी स्वतःहून कथेचा विषय काढला. वह्या तपासता तपासता म्हणाल्या, “मी रात्री परत वाचली. त्या काल्याचे तर कळले. पण गोरी बीने तरी एवढ्या वर्षांत त्याच्याबद्दल काय समजून घेतले असेल ग? तिलाही वाटले असेल, याला आपण नको आहोत म्हणून हा बहाणा.” मी म्हटले, कथेत तसे काही दिलेले नाही. त्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “कथेत नाही ग. मी माझे सांगतेय.” तेवढ्यात घंटा झाली आणि त्या वह्यांचा गठ्ठा घेऊन आठवीच्या वर्गावर गेल्या.